फायब्रोमायल्जियातील मळमळ: लेखात राहून गेलेली गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत फायब्रोमायल्जियावर आलेला लेख मी दोनदा वाचला. अंगभर दुखणे, न जाणारा थकवा, रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखे वाटणे, सगळे बरोबर लिहिले होते. मळमळीचा मात्र एक शब्दही नव्हता. मला हा आजार सहा वर्षे आहे. शिवणाचे मशीन दुखण्यामुळे जितके दिवस बंद राहिले, तितकेच मळमळीमुळे राहिले. म्हणून हे पत्र.

दुखते म्हटले की निदान कुणीतरी पाठीवरून हात फिरवते. मळमळते म्हटले तेव्हा शेजारणीने हळूच विचारले, "दिवस गेलेत काय गं?" मी 44 वर्षांची होते. जाऊबाईंनी पित्तावर टाकले. बेळगावच्या एका दवाखान्यात मी "जीव घाबरतोय" असे सांगितले, तर कागदावर चिंतेचा विकार लिहिला गेला आणि औषधही त्याचेच मिळाले. आपल्या बोलण्यात मळमळीला उमळते, उमासे येतात, कसंतरी होतंय, जीव घाबरतोय असे कितीतरी शब्द आहेत. त्यांतला नेमका चुकीचा ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. समोरची नर्स कन्नड बोलणारी असेल तर आणखीच. आमच्या गल्लीतल्या एका अक्कांनी मला 'वाकरिके' हा शब्द शिकवला. तेव्हापासून मी "मळमळते, वाकरिके" असे दोन्ही सांगते. पोटात दुखत नाही, छातीत धडधड नाही, हेही आधीच सांगून टाकते.

ही मळमळ मनाची नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 2010 साली या आजाराचे निकष नव्याने मांडले, तेव्हा सोबतच्या लक्षणांच्या यादीत मळमळ होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला समजावले ते असे: या आजारात मेंदू आणि मज्जातंतू वेदनेचा आवाज मोठा करून ऐकतात, वास, उजेड आणि पोटातली हालचाल यांचेही तसेच होते. अर्धशिशी आणि आतड्याची तक्रारही या आजाराच्या रोग्यांत बरेचदा सोबत असते. मला अर्धशिशी आहेच, आणि तिच्यामागून मळमळ ठरलेली.

वासाचे तर आमच्या निपाणीत विचारूच नका. तंबाखूच्या हंगामात वखारीच्या बाजूने जायचे म्हणजे पदर नाकावर घट्ट धरून जावे लागते. पण बाहेरच्या वासापेक्षा घरातली मिश्री वाईट. मी स्वतः दहा वर्षे मिश्री लावत होते. निकोटीननेच मळमळ होते हे मला कुणी सांगितले नव्हते. मिश्री सोडली आणि महिन्याभरात सकाळचे उमासे निम्मे झाले. सासूबाई आता त्यांची मिश्री परसात भाजतात, माझ्यासाठी.

सगळ्यात जास्त मला औषधाबद्दल लिहायचे आहे. फायब्रोमायल्जियासाठी ड्युलोक्सेटीन नावाची कॅप्सूल देतात. सुरुवातीचे काही दिवस तिने मळमळ होणे अगदी नेहमीचे आहे आणि बहुतेकांची ती आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. मला हे वाक्य कुणी बोलले नाही. एकदम 60 मिलिग्रॅमची कॅप्सूल उपाशीपोटी घेत राहिले, उलट्या झाल्या, आणि विसाव्या दिवशी मी ती कुणाला न विचारता बंद केली. मग चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, आणि पुन्हा मळमळ! एकदम बंद केल्यानेही असे होते, हे नंतर कळले. दुसऱ्या डॉक्टरांनी 30 मिलिग्रॅमपासून, रात्रीच्या जेवणासोबत सुरू केली, आठवड्याने वाढवली, आणि तेच औषध मला मानवले. मधली सात-आठ महिन्यांची ओढाताण फक्त त्या न बोललेल्या वाक्यामुळे झाली. डबीतला कागद इंग्रजीत असतो, तो वाचणार कोण?

दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचेही तसेच. फायब्रोमायल्जियात सूज नसते, त्यामुळे डायक्लोफिनॅकसारख्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, पोट मात्र बिघडते. उलटीची गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी. काही गोळ्या ड्युलोक्सेटीनसारख्या औषधांसोबत चालत नाहीत.

मला उपयोगी पडले ते साधेच. पोट रिकामे ठेवायचे नाही. उशाशी चुरमुऱ्यांचा डबा असतो; अंथरुणातून उठण्याआधी मूठभर कोरडे चुरमुरे खायचे, पाच मिनिटे थांबायचे. थोडेथोडे पाच-सहा वेळा खाणे. गरम फोडणीच्या वासाने उमळते म्हणून माझे ताट निवू देतात. दुपारी नाचणीची थंड आंबील, कधी आल्याचा तुकडा मिठाबरोबर. जेवून लगेच आडवे होत नाही. बेळगावला जाताना एसटीत पुढची जागा मागून घेते आणि तवंदी घाट संपेपर्यंत नजर रस्त्यावरून काढत नाही.

संकष्टीचा उपवास कायमचा बंद करणे सगळ्यात जड गेले. दिवसभर उपाशी, रात्री चंद्रोदयानंतर जेवण. त्याचा त्रास मला पुढचे दोन दिवस पुरायचा. मी सोडायला तयार नव्हते. सासूबाईच म्हणाल्या, "तू खा, तुझी संकष्टी मी धरते." आजपर्यंत धरतात.

मळमळीचे सगळे खापर या आजारावर फोडूनही चालणार नाही. उलटीत रक्त, काळी शौच, वजन उतरत जाणे, पाणीही न टिकणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्याला विनंती एवढीच, की या औषधांची मळमळ कधी होते, किती दिवस राहते आणि कधी दवाखान्यात जावे, याची एक चौकट एखाद्या तज्ज्ञाकडून तपासून मराठीत छापावी. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला गेल्या महिन्यात हीच कॅप्सूल सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी ती सोडायला निघाली होती. मी तिला जेवणासोबत घ्यायला आणि डॉक्टरांना फोन करायला सांगितले आहे. ती चौकट मला तिच्या हातात द्यायची आहे.

आपली,
एक वाचक, निपाणी