हुरड्याच्या आगटीत डिझेल कशाला?

मा. संपादक साहेब,

थंडी पडली की आपल्याकडं परभणी, जालना, संभाजीनगरच्या रस्त्याला हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात, चांगलंय, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण हल्ली काही जागी लोखंडी ग्रिल, पोतंभर कोळसा अन् लवकर पेटावं म्हणून वरून डिझेल, मग कणसाला वास येणार नाही तर काय! कोळसा तरी कुठली ना कुठली बाभळ तोडूनच आलेला की.

आपली आगटी काय वाईट आहे? वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, धूर जिरून निखारा लाल झाला की मगच गुळभेंडी ज्वारीची कणसं खुपसायची, दाणा जळत नाही, आतून मऊ भाजतो, अन् गरम गरमच गोणपाटावर चोळायची. गोवरी मात्र खडखडीत वाळलेली पाहिजे, ओलीचा नुसता धूर.

थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे तरी बांधाला ढीग दिसतोच, पळसाच्या पत्रावळीला काय धाड भरली? अन् निघताना आगटीवर घागरभर पाणी टाका राव, शेजारीच कडब्याची गंजी असते.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)