पंचवटीच्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातच देता आलं असतं, गंगापूर रोडवरून पंचवटी ती किती लांब! पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "ताई, चहा घ्या आधी" म्हणून विषय बदलता. शिवाय तुम्ही या दोन महिन्यांत हेडफोन आणि अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) यांची जोडी कशी जुळवायची हे मला जे समजावून सांगितलंत, ते आणखी चार जणांच्या उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळलंय.

बाबा गेल्यावर त्यांच्या कॅसेटींची ट्रंक माझ्याकडे आली. ओळखीच्यांच्या घरच्या बैठकी, गणेशोत्सवातली गाणी, कोजागिरीच्या मैफली, सगळं बाबांनी टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन स्वतः टिपलेलं. कॅसेट डेकचा रबरी पट्टा वितळून डिंकासारखा झाला होता. तो तुम्ही बदललात, हेड पुसून दिलंत, आणि मी एकेक कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतली. रात्री निवांत ऐकता यावं म्हणून भावाने त्याच्याकडचा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, छोटा हेडफोन अ‍ॅम्प दिला. हेडफोन मी आणला. ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध मोजायचं माप). दुकानदार म्हणाला, "मॅडम, कशावरही वाजतो, बेस दणदणीत आहे."

वाजला. पण डग्गा असा फुगून यायचा की गाणाऱ्याचा खालचा षड्ज त्यात बुडून जायचा. चार-पाच कॅसेटी तशाच ऐकल्या आणि माझी खात्री झाली की ध्वनिमुद्रणच खराब आहे, बाबांनी माइक चुकीच्या जागी ठेवला असणार. काका, ही एक गोष्ट माझ्या मनाला फार लागली होती. बाबांनी इतकं जपलं आणि त्यात काही उरलं नाही, असं मी धरून चालले होते.

तुमच्याकडे मी तक्रार घेऊन आलेच नव्हते. डेकचे पैसे द्यायला आले होते. पावसाळ्याचे दिवस, धरणातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आलेली, त्यामुळे लांबून वळसा घालून पोचले. बोलता बोलता डग्ग्याचं निघालं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अमुक हेडफोन घ्या. तुम्ही विचारलंत, "अ‍ॅम्प कोणता? आणि रात्री तुमच्या शेजारी कोण झोपतं?"

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला नंतर कळलं. उघड्या पाठीच्या, म्हणजे वाट्या मागून जाळीच्या असलेल्या, हेडफोनमधून जसा आवाज कानात येतो, तसाच थोडाफार बाहेरही जातो. सासूबाई त्याच खोलीत झोपत असत्या तर बंद पाठीचाच घ्यावा लागला असता, आणि मग तुम्ही २५० ओहमचा डीटी ७७० प्रो सुचवणार होतात. माझी आतली खोली वेगळी आहे, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला.

अ‍ॅम्पचा मात्र मिटला नाही. पुढच्या रविवारी तुम्ही तो टेबलावर घेतलात. ४०० हर्ट्झचा एक सूर लावलात, बाहेर येणाऱ्या पिनेवर मीटर धरलंत आणि आवाज एवढाच ठेवलात की काट्याने बरोबर १ व्होल्ट दाखवावा. मग डबीतून ३३ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला विरोध करणारा छोटा भाग, काढून त्याच पिनेवर टेकवलात. काटा सरसर खाली आला तो ०.४५ वर थांबला. "निम्म्याहून जास्त आतच खर्च झालं," तुम्ही म्हणालात, आणि जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडलात: अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा सुमारे ४० ओहम.

ते पान मी मागून घेतलं, समोर ठेवूनच लिहिते आहे. हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. खर्जाकडे, साधारण डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या पट्टीत, ते वाढतात. ३२ चा हेडफोन तिथे ६० पर्यंत गेला आणि अ‍ॅम्पचे ४० त्याच्या वाटेत बसले असले, तर तेवढ्याच पट्टीला अडीच डेसिबल जास्त मिळतात. म्हणजे डग्गा फुगतो. तेच ३०० ओहमचा हेडफोन खर्जात ५०० पर्यंत चढला तरी फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. "अ‍ॅम्पच्या ओहमच्या किमान आठपट हेडफोनचे असावेत, हा आपला अंदाज. चाळीस आठे तीनशे वीस. तीनशेचा चालेल." मग पेन खाली ठेवून म्हणालात, "तुमच्या बाबांचं मुद्रण खराब नाही, ताई. जोडी चुकली आहे."

त्या वाक्याबद्दलच खरं तर हे पत्र आहे.

माझ्या मनात तेव्हा हायफायमॅनचा एचई ४०० एसई होता. प्लेनार, सपाट पडद्याचा, सगळीकडे कौतुक ऐकलेलं. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत, फक्त आपल्या सोसायटीच्या टाकीचं उदाहरण दिलंत. ३०० ओहमच्या हेडफोनला टाकी उंच लागते, पाणी थोडं चालतं, म्हणजे व्होल्टेज हवा. २५ ओहमच्या प्लेनारला उंची कमी चालते पण नळ जाड लागतो, म्हणजे करंट हवा. प्लेनारचे ओहम सगळ्या सुरांना जवळपास सारखे, त्यामुळे माझ्या अ‍ॅम्पवर त्याचा डग्गा फुगला नसता. पण ६५ ओहमपैकी ४० अ‍ॅम्पमध्येच, म्हणजे आठ डेसिबल वाटेतच गेले असते, आणि तो हेडफोन मुळातच हळू, १ मिलिवॅटला ९१ डेसिबलवाला. ट्रान्झिस्टरचा, आतून दोन ओहमच्या खालचा अ‍ॅम्प असता तर तुम्हीच तो घ्या म्हणाला असतात. ज्यांच्याकडे तसा अ‍ॅम्प आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. माझी निवड त्यांना लागू पडेलच असं नाही.

मग तुम्ही दोन हेडफोन मागून आणलेत. एक बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमचा, आणि दुसरा सेनहायझरचा एचडी ६००, ३०० ओहमचा. पहिला मूळचा १९८५ चा, दुसरा १९९७ चा. इतकी जुनी घडण अजून बाजारात टिकून आहे याचं मला नवल वाटलं. तुम्ही एचडी ६०० च्या कानगाद्या, वायर, वरची पट्टी सुटी करून दाखवलीत. "प्रत्येक भाग बदलून मिळतो, म्हणून टिकलाय."

दोन्ही आठ दिवस माझ्याकडे ठेवलेत, एका अटीवर. दोघांचा आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करायची नाही, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. त्यासाठी पेढ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोक पाडून, त्यात फोनचा माइक बसवून, हेडफोनची वाटी वर दाबून आवाज मोजायला शिकवलंत. अ‍ॅम्पच्या आवाजाच्या गोल बटणाभोवती मी पेन्सिलने दोन खुणा केल्या आहेत, त्या अजून आहेत.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. इतकी वर्षं नाट्यगृहात आणि मंडळांच्या मांडवात भोंग्यांशेजारी उभं राहून तुमच्या कानांना वरचं ऐकू येत नाही. "मोजून सांगतो ते खर्जाचं. तानपुऱ्याचं तुम्ही ऐका आणि मला सांगा."

काका, मी लहानपणी सात वर्षं गाणं शिकले. त्यानंतर माझ्या कानावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता. आठ दिवस मी एकच कॅसेट ऐकली, एका कोजागिरीची. डीटी ९९० वर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, झगमगली, पहिल्या दिवशी फार आवडली. तिसऱ्या दिवशी प्रत्येक "स" आणि "श" टोचायला लागला, कॅसेटची सळसळ गाण्याच्या पुढे आली. एचडी ६०० वर पहिल्यांदा काही विशेष वाटलं नाही. पण दुसऱ्या रात्री गाणाऱ्याने श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा "घे" या बोलावरून जो आवाज खाली घसरत जातो तो सबंध, शेवटपर्यंत, फुगवटा न येता आला. मांडव खूप भव्य असल्याचा भास त्यात होत नाही, खर्जाच्या अगदी तळाशी तो थोडा कमी पडतो. डिस्को किंवा ढोल-ताशे ऐकणाऱ्यांनी दुसरा पाहावा. बैठकीच्या गाण्याला मला यापेक्षा वेगळं काही नको.

माझं बजेट २५ हजारांचं होतं. त्यात तुम्ही एका ओळखीच्यांकडचा, एक वर्ष वापरलेला, मिळवून दिलात. आणि नव्या गाद्या स्वतः बसवल्यात, त्याचे पैसे मी किती म्हटलं तरी घेतले नाहीत.

छोट्या गोष्टी राहिल्याच. कानशिलं दाबतात म्हटल्यावर तुम्ही तो रात्रभर दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवायला सांगितलात. तीन रात्रींत सैल झाला. अंबाडा घालून ऐकायला बसले की पट्टी उचलली जाते, म्हणून आता वेणी, आणि कानातले काढून डबीत. अ‍ॅम्पमधली ती गुणगुण लॅपटॉपच्या चार्जरची निघाली, चार्जर काढला की बंद. आवाज मात्र ८० डेसिबलच्या वर नेत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. ते तुम्ही मला आकड्यात सांगितलं नव्हतं, तुमच्या कानांबद्दल बोललात तेवढं पुरलं.

आता ट्रंकेतल्या एकोणीस कॅसेटी ऐकून झाल्यात. कोजागिरीच्या त्या कॅसेटमध्ये भैरवीच्या आधी कपबशा वाजतात आणि बाबा कुणाला तरी हळूच म्हणतात, "दूध नंतर, आधी हे संपू द्या." पूर्वीच्या हेडफोनवर तिथे नुसता घुमारा होता.

तुमचा ३३ ओहमचा रेझिस्टर माझ्याच पर्समध्ये राहिलाय. येत्या रविवारी आणून देते. हेडफोनही आणते. ती कॅसेट तुम्ही खर्जाकडून ऐका, वरचं काय चाललंय ते मी शेजारी बसून सांगीन.

तुमची कृतज्ञ,
गंगापूर रोडवरची ताई