रंग-ब्रश ठेवायला लाकडी पेटी घरीच करा

संपादकसाहेब, पेपरात चित्रं कशी काढायची ते छान येतं पण ब्रश, रंग ठेवायचे कशात ते कोणीच सांगत नाही, म्हणून लिहितेय. साधी लाकडी पेटी घरी होते, ९ मिमी प्लायवूड पुरतं, फक्त माप आतलं धरा, ए४ कागद २१ बाय २९.७ सेंमी असतो म्हणजे आत २३ बाय ३२ तरी हवं, आणि लांब दांडीचे ब्रश असतील तर आधी तेच मोजा. प्लायच्या कडेत स्क्रू पिळण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडायचंच, नाहीतर थर सुटतात. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर २२०चा, आतूनसुद्धा हं, कुसळ मुलांच्याच बोटात घुसतं. ओले ब्रश मात्र आत कोंडू नका, बुरशी धरते.

- एक वाचक