हिरव्या चौकडीचा तुकडा

चरई, ठाणे
गुरुवार, पितृपंधरवडा

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

रविवारी न जेवता गेलास. अळूचं फदफदं मी दोन दिवस खाल्लं, उरलेलं शेजारच्या काकूंना दिलं. त्यानंतर चार वेळा फोन केला. मेसेजखाली दोन निळ्या टिका दिसतात, म्हणजे वाचतोस, उत्तर तेवढं देत नाहीस. म्हणून पत्र. नौपाड्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने टाकेन. पत्राला निळ्या टिका नसतात, तेव्हा तू वाचलंस की फेकलंस हे मला कळणार नाही. तेच बरं.

एक आधीच सांगून टाकते. बाबांना फोन कर, हे मी या पत्रात लिहिणार नाही. ते तू मला रविवारीच बजावून गेलास.

गोधडीबद्दल मात्र लिहिणार. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही माझ्या आईची पद्धत. आम्ही सासवडला असताना ती कऱ्हेवर घेऊन जायची. ओली गोधडी एकटीला पेलवत नाही. एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या, आणि दोघींनी उलट दिशेने पीळ भरायचा. इथे माझी कऱ्हा म्हणजे गच्चीवरचा नळ, आणि त्याआधी सेक्रेटरींची परवानगी. पिळायला कोणी नाही, म्हणून कठड्यावर तशीच टाकते आणि पाणी निथळू देते. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरून एक तरी तक्रार येतेच.

तू कठड्याशी फोनवर बोलत होतास. वळलास, आणि दुसऱ्या ओळीतला तो हिरव्या चौकडीचा तुकडा तुला दिसला. ओळखायला तुला क्षणभरही लागला नाही, याचंच मला नंतर नवल वाटलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी घातला होता तो. "त्या माणसाचे कपडे पांघरून झोपतेस तू अजून?" असं विचारलंस. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "ते चिमटे दे इकडे" असंच काहीतरी म्हणाले असेन. तीनच्या गाडीला तू वंदनाच्या स्टँडवर होतास.

आता ऐक. वर्तकनगरचं घर आवरताना माळ्यावर एक गाठोडं निघालं. ह्यांचे शर्ट. (अजून "हे"च येतं तोंडात. कोर्टाने नातं मोडून दिलं, सर्वनामाचा काही आदेश दिला नाही.) सोळा निघाले. त्यातले अकरा टेरिकॉटचे, ते बोहारणीला दिले आणि त्यावर एक पातेलं घेतलं. तू परवा भात खाल्ला असतास तर त्यातलाच खाल्ला असतास. टेरिकॉट गोधडीला चालत नाही. सुई अडते, कापड सरकतं, आणि नव्या सुती कापडाशेजारी लावलं तर पहिल्याच धुण्यात सुती आटतं, ते आटत नाही, मग चुण्या पडतात. पाच शर्ट मात्र चांगल्या सुताचे होते. माणसावर राग असला म्हणून पाच चांगले सुती शर्ट फेकून द्यायचे? तुझ्या आजीने मला घरात घेतलं नसतं.

तू म्हणशील, आई विनोदावर नेते. नाही नेत. ते गाठोडं कॉटखाली सरकवून मी आठ महिने त्यावर झोपले, हेही तुला सांगितलेलं नाही.

पहिला अर्ज दिला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, दोघांच्या संमतीने असला तरी दुसऱ्या तारखेआधी सहा महिने थांबायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१७ साली म्हटलंय की जज्ज ती मुदत माफही करू शकतात, अर्ज करू या का? मी म्हटलं, नको, एकतीस वर्षं काढली, सहा महिन्यांनी काय होतंय. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पण ते सहा महिने फार वाईट गेले, बाळू. दिवसभर हाताला काम नव्हतं. कुकरमध्ये एक वाटी तांदूळ टाकायचे आणि शिट्या मोजत बसायचं. एकदा मोजता मोजता नऊ झाल्या, डाळ करपली. त्याच दुपारी गाठोडं ओढलं आणि कात्री घेतली.

शर्ट कापायचा म्हणजे आधी उसवायचा. कॉलर पहिल्यांदा विरते, घडीच्या रेघेवर. ती काढून टाकायची. मग कफ, मग काजपट्टी. बटणं डब्यात. खरं कापड मिळतं ते पाठीचं, एवढा मोठा सलग तुकडा दुसरीकडे कुठे नसतो. हिरव्या चौकडीच्या खिशाच्या तळाशी शाईचा डाग होता, वागळे इस्टेटला सुपरवायझर झाल्यावर पेन लावून फिरायचे तेव्हाचा. तो खिसा मी तसाच ठेवलाय, गोधडीच्या उलट्या बाजूला. तुला दिसला नसेल.

अस्तर आजीच्या नऊवारीचं. मधे तुझ्या लहानपणीच्या विरलेल्या चादरी, ती आगगाडीची सुद्धा. जमिनीवर पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायचे आणि तळहाताने मधून कडेकडे सपाट करत जायचं. शिवण मात्र कडेने सुरू करायची, धावदोरा, आणि फेर घेत घेत आत यायचं. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. पहिली ओळ माझी वाकडी गेली, उसवली नाही. आता ती बघितली की कळतं त्या दिवशी हात कसा होता. पंधराव्या ओळीला माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय. रेडिओ बंद होता.

तुला वाटतं मी त्यांना पांघरून झोपते. अरे, मी गोधडी पांघरून झोपते. तिरकी झोपते, अख्ख्या पलंगावर, पंखा तीनवर ठेवून. ह्यांना एकवर लागायचा. चहात गवती चहा घालते. ह्यांना वास यायचा. पहाटे तलावपाळीला दोन फेऱ्या, मग कोपिनेश्वराला बाहेरूनच नमस्कार, येताना जांभळी नाक्यावर ज्या भाजीची जुडी ताजी दिसेल ती. कोणाला काय आवडत नाही याचा हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही. एकतीस वर्षांत याला आनंद म्हणतात हे माहीत नव्हतं, मला ती सुटी वाटायची. दर बुधवारी दुपारी आमच्या खोलीत पाच बायका जमतात, दुपटी शिवतो. गेल्या महिन्यात माझी तीन गेली, सातशे रुपयाला एक. हे तुला रविवारी जेवताना सांगणार होते. नोटा मुद्दाम डब्यातून काढून ठेवल्या होत्या दाखवायला. खुळ्यासारखं.

"पुण्याला माझ्याकडे ये राहायला" म्हणतोस ते प्रेमाने, कळतं मला. तुझ्या पगारावर, तुझ्या हिंजवडीच्या घरावर माझा केवढा जीव आहे ते शेजारच्या काकूंना विचार, त्यांना तुझा मजला आणि लिफ्टचा नंबर पाठ झालाय. पण मला येऊन बसायचं नाहीये. सणाला येईन, लोणचं घेऊन येईन, आणि परत जाईन.

मंगळवारी काकांचा फोन आला होता. बाबांचं डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घाबरण्यासारखं काही नाही, त्याच दिवशी घरी सोडतात हल्ली. काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून झोपायचं, आणि काही आठवडे थेंब. तुझ्या कानावर असावं, एवढंच. डोळ्यात थेंब स्वतःचे स्वतः नीट घालता येत नाहीत, निम्मे गालावर जातात. काका येतात सकाळी, बाकीच्या वेळी कोण असतं माहीत नाही. मी जाणार नाही. माझं जाणं आता शोभत नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. पण तू...

नाही लिहिणार म्हटलं होतं.

बरं, लिहितेच, मग हवं तर आणखी चार रविवार येऊ नकोस. मला बाबांची काळजी नाही, तुझी आहे. तुझे बाबा वाईट माणूस नव्हते. ना मारलं, ना दारू, ना कोणी बाई. लोक मला विचारतात, मग काय झालं? काय सांगू? अबोला झाला. जास्तीत जास्त एकेचाळीस दिवसांचा. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी टिंबं करत होते म्हणून आकडा सांगते. कारण काय होतं ते पहिल्या आठवड्यातच विसरले. तू चौथीत होतास. "बाबांना सांग पान वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, तुझे ते छोटे पाय. एकदा तू मधेच थांबलास आणि म्हणालास, "आई, मी काय सांगायला आलो होतो?" मी हसले. आता ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं. बोलणं तोडूनही माणसं एका घरात राहू शकतात, हे तुला आम्ही दोघांनी मिळून शिकवलं. मीही तेवढीच होते त्यात, टिंबं मोजणारी.

दोन वर्षं होतील तू त्यांच्याशी बोलला नाहीस त्याला. आणि रविवारपासून माझ्याशी. तुझी ती मैत्रीण, जिचं नाव तू गेल्या दिवाळीनंतर घेतलं नाहीस, तिच्याशी काय झालं ते मी विचारत नाही. तिच्याशीही असाच गप्प बसलास का, एवढंच मनात येतं. आलं म्हणून लिहिलं. चुकलं असेल तर माफ कर. कोणी आईने मुलाला असं विचारू नये, माझ्या आईने तर मला काहीच विचारलं नाही कधी.

कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर त्या दिवशी ते तुला म्हणाले, "गाडी ॲव्हरेज किती देते रे?" तू ग्लास ठेवलास आणि निघून गेलास. आज संसार मोडला आणि ह्या माणसाला ॲव्हरेज सुचतंय, असं तू रिक्षात म्हणालास. तेव्हा मलाही तुझंच खरं वाटलं. पण बाळू, त्यांच्या वडिलांनी त्यांना "कसा आहेस" असं कधी विचारल्याचं मी बघितलं नाही. त्यांच्याकडे तेवढंच वाक्य होतं रे. मला एकतीस वर्षांत तेही मिळालं नाही, मी गाडी चालवत नव्हते.

बघ, पुन्हा भाषण झालं. आजी म्हणायची, हिला बोलायला सांगू नका, कीर्तन लावेल. तू ऑफिसमधून दमून आला असशील आणि मी इथे चार पानं भरवली. जेव आधी. पाकिटातल्या उसळीवर राहू नकोस, कडधान्य रात्री भिजत घालायला दोन मिनिटं लागतात. हेही सांगायचं नव्हतं.

तुझ्यासाठी दुसरी शिवायला घेतली आहे, थंडीच्या आत होईल. तीत कोणाचाच शर्ट नाही, माझ्या दोन साड्या आहेत, मोरपिशी आणि ती विटकरी. हिरवी चौकडी माझ्यापाशी राहील, ती मी उसवणार नाही. स्टीलचा डबा मात्र येताना आठवणीने आण, त्याचं झाकण माझ्याकडे आहे आणि दुसऱ्या कुठल्याही डब्याला बसत नाही.

तुझी,
आई

ता.क. थेंबांच्या वेळा काकांनी सांगितल्या त्या अशा : सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. रात्री आठला ते एकटेच असतात. मी फक्त वेळा लिहिल्या आहेत.