साताऱ्याजवळ म्हणजे नक्की कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मध्यंतरी आम्ही शेतीच्या सामानाची दुकानं शोधायची एक साइट केली, तिच्या पाठीमागे शोधायचं काम करतं सोलर (Solr) नावाचं फुकट मिळणारं सर्च इंजिन. त्यात 2011 च्या 3.1 व्हर्जनपासून अंतरावरून शोधायची सोय आहे, जिओफिल्ट नावाच्या फिल्टरला मधला पॉइंट आणि किती किलोमीटर ते द्यायचं की झालं. पण माणूस काही 17.68, 74.02 असे अक्षांश-रेखांश टाइप करत नाही, तो लिहितो "साताऱ्याजवळ ठिबकचं सामान". यातलं ठिकाण कुठलं, वस्तू कुठली, हे वेगळं करणारा पार्सर आपणच लिहायचा, आणि तिथंच आमची फजिती झाली.

मी मूळचा वाईचा, त्यामुळे टेस्टिंगला "वाईजवळ" टाकलं, जोडीदार कराडचा, त्याने "कराडजवळ" टाकलं. दोन्ही मस्त चाललं. शेवटचं "जवळ" कापा, उरलेलं गावांच्या यादीत बघा, एवढाच कोड होता. लाइव्ह गेल्यावर साताऱ्याच्या एका शेतकऱ्याचा फोन, "अहो इथं शून्य दुकानं दाखवतंय, माझ्या समोर चार आहेत". बघतो तर "जवळ" कापल्यावर उरतं "साताऱ्या", आणि यादीत आहे "सातारा". पुण्या, ठाण्या, कोल्हापुरा सगळ्यांची तीच गत, आणि नाशिकचं तर "नाशकात" होतं. वाई आणि कराड ही नेमकी न बदलणारी नावं निघाली, काय नशीब बघा!

मग सामान्यरूपांची यादी हाताने केली. तरी "ठाण्याजवळ" म्हणजे ठाणे शहर की पोलीस ठाणं, आणि वडगाव म्हणजे शेरी, बुद्रुक की मावळ, हे उरलंच. तिथं आता साइट सरळ विचारते, कुठलं वडगाव? अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं.

एकदा तर एकाने पुण्याचे आकडे उलटे भरले, आधी 73.86 मग 18.52, आणि पुणं गेलं नॉर्वेच्या वर थंडगार समुद्रात. नकाशाच्या काही फाइलींत रेखांश आधी असतो, सोलरला अक्षांश आधी लागतो, म्हणून हे होतं.

आणि हे किलोमीटर हवाई बरं का, रस्त्याचे नाहीत. दाभोळहून समोर धोपावे दिसतं, सर्च म्हणणार जवळच आहे, पण फेरीबोट सुटली की गाडी घेऊन खाडीला वळसाच. घाटाखालच्या गावांचंही तेच. यावर आमच्याकडे अजून इलाज नाही, फक्त "सरळ रेषेत" असं बारीक अक्षरात लिहिलंय.

पत्र एवढ्यासाठी की मराठीत साइट काढणारा प्रत्येक जण ही यादी पहिल्यापासून करत बसतो. तुमच्या पुरवणीत एक चौकट देता आली तर द्या, वाचकांनी आपल्या गावाचं नाव आणि "गावात, गावाजवळ" म्हणताना ते तोंडात कसं येतं तेवढं कळवावं. बाहेरच्याला नाशकात सुचत नाही, ते नाशिककरच सांगणार. आमच्याकडे जमलेली यादी मी फुकट द्यायला तयार आहे, सध्या सातारा आणि पुणे जिल्ह्याचीच आहे, तीही अर्धवट.

आपला,
एक वाचक, पुणे