आमच्या चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चल, कायतरीच’ म्हणून पाटी उचलता. म्हणून लिहून मानते आहे, आणि चारचौघांत मानते आहे.

पिवळीला दिवस गेलेत हे लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीत तुम्ही सगळ्यांच्या आधी ओळखलंत. पोट दिसतही नव्हतं. ‘सड गुलाबी झालेत बघ,’ म्हणालात. मांजर जेमतेम नऊ आठवड्यांत विते, तेव्हा जिन्याखालचं जुनं कपाट वेळेत रिकामं झालं ते तुमच्यामुळे. त्याच कपाटात तिची आई चंपीही व्यायली, दोन-चार दिवसांच्या फरकाने. चंपी आपली पिल्लं एकेक करून मानेला धरून लेकीच्या पिल्लांत नेऊन ठेवायला लागली, तेव्हा आम्ही घाबरलोच. तुम्ही पाटी खाली ठेवून उकिडव्या बसलात. ‘मायलेकी हायेत, दोघी मिळून पाजतील. हात नको लावू, नुसती बघ.’

मग मी बघतच राहिले. एक पिल्लांपाशी, दुसरी खायला बाहेर. ती आली की ही उठायची. आपलं-परकं काही नाही, पुढ्यात येईल त्याला चाटायचं. सुरुवातीचे तीनेक आठवडे आईने चाटल्याशिवाय पिल्लाला शू-शीसुद्धा होत नाही, हे तुम्ही सांगितलंत म्हणून त्या चाटण्याकडे मी नीट पाहिलं. काळ्या पिल्लाची तर जागा ठरलेली. डोळे मिटलेले असतानाही ते सगळ्यांच्या अंगावरून वळवळत चंपीच्या अगदी मागच्या सडाला जायचं आणि तिथे दुसरं कुणी असलं तर डोक्याने ढकलून द्यायचं.

पण खरे आभार त्या सकाळचे. काळ्याच्या पापण्या पुवाने चिकटल्या होत्या, अंग तापलं होतं आणि मजल्यावरचं कुणीतरी तापाची गोळी चुरून द्यायला निघालं होतं. तुम्ही त्यांचा हात धरलात. कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसलेत, आणि ऐन धंद्याच्या वेळी पाटी शेजारणीकडे सोपवून माझ्यासोबत टॅक्सीने परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात आलात. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे पाय लटपटले. काळ्याचे दोन्ही डोळे आज स्वच्छ आहेत. निळे होते, आता हिरवट व्हायला लागलेत.

पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा पिल्लं दूध सोडती झाली की मायलेकींचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. चाळीत वर्गणीही जमली आहे. चंपी तुमच्याशिवाय कुणाला टोपलीत घालू देत नाही, त्यामुळे तुम्हाला यावंच लागेल. या खेपेला टॅक्सीचं भाडं मात्र मी देणार.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची पोर