फॉरवर्डच्या कागदावर बाजारभावही छापा

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,
स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर सुटे भाग काढून जर्मनीला पाठवतो. माल गेल्यावर पैसे यायला ९० दिवस लागतात, म्हणून येणारा युरो आधीच फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच ठरवून, बँकेला विकून ठेवतो. बँकेचा डीलर फोनवर दर सांगतो आणि लगेच म्हणतो, “पटकन बोला साहेब, दर हलतोय.” यात बाजाराचा दर किती आणि तुमचं मार्जिन (बँकेचा नफा) किती, असं विचारलं की “आमच्या स्क्रीनवर एकच आकडा येतो” हे उत्तर ठरलेलं. ५० हजार युरोवर ३० पैशांचा फरक पडला, तरी १५ हजार रुपये गेले.

२००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गला जी-२० देशांनी ठरवलं, की बँकाबँकांतले ओटीसी, म्हणजे एक्स्चेंजबाहेर आपापसात होणारे, सौदे नोंदले जावेत आणि त्यातले ठरावीक साच्याचे सौदे मध्यवर्ती क्लिअरिंगमधून, म्हणजे मधे उभं राहून सौदा पुरा करायची हमी देणाऱ्या संस्थेतून जावेत. मोठंच काम झालं. आपल्याकडे तर अशी संस्था, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, २००१ पासूनच आहे. पण या सगळ्याचा भर एक बँक बुडाली तर बाकीच्या तरतील का, यावर. समोरच्या गिऱ्हाइकाचं काय? अमेरिकेने २०१२ च्या नियमांत सौद्याआधी बाजाराचा मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा) ग्राहकाला सांगण्याची अट घातली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही किरकोळ ग्राहकाला हा दर सांगायला बँकांना बजावलं आहे. मग फोनवर तो ऐकू का येत नाही?

दंडाची भीती म्हणावी, तर तीही बेताचीच. २००८ च्या सुमारास तिरुपूरच्या निर्यातदारांच्या माथी स्विस फ्रँकवरचे किचकट ऑप्शन (ठरल्या दराने चलन घ्यायच्या-विकायच्या हक्काचे सौदे) मारले गेले, कित्येकांचे कारखाने अडचणीत आले. २०११ मध्ये डेरिव्हेटिव्हच्या (फॉरवर्ड, ऑप्शन अशा सौद्यांच्या) नियमभंगाबद्दल १९ बँकांना दंड झाला, तो प्रत्येकी ५ ते १५ लाख! एवढ्या रकमेत चांगलं नवं सीएनसी मिलिंग मशीनसुद्धा येत नाही.

रिझर्व्ह बँक स्वायत्त आहे, हे मला मान्य. पण सरकारी बँकांची मालकी सरकारकडे आहे. तेव्हा सुरुवात तिथून करा. फॉरवर्ड बुक झाल्यावर जो कागद मिळतो, त्यावर बाजाराचा मधला दर, बँकेचं मार्जिन आणि सौद्याची वेळ हे तीन रकाने वेगळे छापा. आणि २०१९ पासून सुरू असलेल्या एफएक्स-रिटेलची (ग्राहकाला बाजाराच्या दराने परकीय चलन घेता-विकता येणाऱ्या ऑनलाइन मंचाची) माहिती शाखेतल्या माणसाने विचारायच्या आधी द्यावी. माझ्या शाखेत ती मलाच समजावून सांगावी लागली.

कळावे,
भोसरीतला एक लघुउद्योजक, पुणे